नॉरव्हलच्या गाडीत उंदीर शिरत नाही

सूर्यफुलाच्या शेतात कापणीचं यंत्र शिरलं, की उंदरांना घर उरत नाही. मग ते बिचारे काय करतील? जवळ जे छप्पर दिसेल तिकडे धावतात. कोणाच्या तळघरात, कोणाच्या गवताच्या कोठीत, कोणाच्या ट्रॅक्टरच्या गादीत. आमच्या नॉर्थ डकोटात हे दरवर्षीचंच आहे, ते कोणी मनावर घेत नाही. थंडी पडली, उंदीर आले, सापळे लावा, विषय संपला. पण नॉरव्हल त्वेटचं तसं नव्हतं. त्याचा उंदरांवर असा काही दात होता, की ऐकणाऱ्याला वाटावं, सगळ्या उंदरांनी मिळून याच्या बापाची जमीन लाटली आहे.

सगळं मूळ त्या मोटारघरात होतं. नॉरव्हलने गावातल्या धान्याच्या कोठारावर उभा जन्म नोकरी केली, आणि ती संपली त्या वर्षी हे चाकांवरचं घर जुन्यातलं विकत घेतलं. आत पलंग, शेगडी, बेसिन, जेवायला टेबल, पुढे ड्रायव्हरची आणि शेजारची अशा दोन ऐसपैस खुर्च्या. घेतलं ते आर्डिससाठी, असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. त्याच्या बायकोने आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं होतं आणि आयुष्यभर एकच गोष्ट मागितली होती. तिला समुद्र पाहायचा होता. तिचा आजा नॉर्वेहून तो समुद्र ओलांडून आला होता म्हणे, आणि नात मात्र या सपाट मुलखाबाहेर कधी पडलीच नाही. तिला कुठलाही समुद्र चालला असता. पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी एकदा बघायचंय, एवढंच ती म्हणायची.

पण माणसाच्या हातात चांगली वस्तू आली, की ती वापरण्यापेक्षा जपण्याचीच त्याला जास्त घाई होते. निदान नॉरव्हलची जात ती होती. पहिल्याच हिवाळ्यात एका उंदराने त्या गाडीतल्या वायरी कुरतडल्या आणि पलंगाच्या गादीत बाळंतपण उरकलं. झालं. तेव्हापासून या माणसाने जिवाचं रान केलं.

पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून उंदीर आत शिरतो. म्हणून नॉरव्हल दर शरद ऋतूत गाडीच्या पोटाखाली पाठीवर झोपायचा आणि एकेक भोक शोधून त्यात तारेच्या घासणीचे बोळे कोंबायचा. हवेच्या झरोक्यांना बारीक जाळी. नळांतलं पाणी काढून त्यांत ते गुलाबी औषध, म्हणजे थंडीत ते फुटू नयेत. कपाटांत पेपरमिंटच्या तेलाचे बोळे, गादीखाली कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकतात ते वासाचे कागद. डांबरगोळ्या मात्र नाहीत, त्याने आर्डिसचं डोकं दुखायचं, तेवढी माणुसकी त्याच्यात होती. शिवाय उंदीर चाकांवरून चढतात म्हणून प्रत्येक चाकाभोवती गुळगुळीत पत्र्याचं उंच कडं. गावातल्या कॉफीच्या दुकानात त्या कड्यांना ‘नॉरव्हलच्या गाडीचे पायमोजे’ म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे, उलट बरंच वाटत असे.

आणि सगळ्यात मुख्य म्हणजे आत अन्नाचा कण राहता कामा नये. इथे आर्डिसशी त्याचं वाजायचं. कारण आर्डिसला सॅनबाकल लागायची, ती लोण्या-बदामाची बिस्किटं असतात ना, लहानशा साच्यात भाजलेली, हात लावला की वाळूसारखी ढासळणारी. बाकीच्या बायका ती नाताळाला करतात, ही बाई बारा महिने करायची. रुमालात बांधून खिशात ठेवायची आणि जिथे बसेल तिथे खायची. ती उठली की खाली भुगा. नॉरव्हल बॅटरी घेऊन गुडघ्यांवर उतरायचा, खुर्चीच्या फटीत, गालिच्याच्या कडेला उजेड मारायचा आणि ओरडायचा. “आर्डिस, हा बघ. हा एक. आणि हा दुसरा. आमंत्रण आहे हे उंदरांना.” ती म्हणायची, त्यांचंही पोट आहे. मग तो छोटं व्हॅक्यूम चालवायचा आणि त्या घरघरीत पुढचं काही ऐकू यायचं नाही.

एकदा ते निघाले होते, नाही असं नाही. ऑगस्टच्या शेवटी निघाले, मोंटाना ओलांडलं, डोंगर चढले, आयडाहो ओलांडलं. ऑरेगॉनमध्ये पोचले. समुद्र एका दिवसाच्या रस्त्यावर राहिला होता. आर्डिसने त्या सकाळी खास घेतलेली रुंद काठाची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. कॉफी प्यायला थांबले, तिथून नॉरव्हलने शेजारी डेल्मर क्वामीला सहज फोन केला, आणि डेल्मर बोलता बोलता म्हणाला, की तुमची जमीन ज्याने कसायला घेतली आहे तो यंदा सूर्यफूल लवकर कापतोय. गाडी ठेवायच्या शेडच्या भिंतीला लागून असलेलं शेत. नॉरव्हल कॉफी तशीच ठेवून उठला. कापणीच्या आधी शेडची फटनफट बुजवलेली नसली तर सगळं सैन्य आत घुसणार, आणि मग त्याच शेडमध्ये गाडी कशी आणून उभी करायची? तो आर्डिसला म्हणाला, “समुद्र कुठे पळून जातोय का? पुढच्या वर्षी आरामात येऊ.” आणि त्याने गाडी वळवली.

आता या माणसाला काय म्हणावं? भांडायला हवं होतं आर्डिसने. पण आमच्याकडच्या बायका असं भांडत नाहीत. तिने नकाशाची घडी केली, टोपी मागच्या कपाटात ठेवली आणि आयडाहो ओलांडेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तेव्हा नॉरव्हलला वाटलं, ती दमली असेल.

पुढच्या वर्षी त्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या पुढच्या वर्षी चर्चच्या छपराचं काम निघालं. त्याच्या पुढे काय होतं ते त्यालाही आठवत नाही, काहीतरी होतंच. गाडी मात्र दर शरद ऋतूत शिस्तीत बंद होत होती आणि दर वसंतात एकही उंदीर न शिरता उघडत होती. डेल्मर म्हणायचा, या गाडीने रस्त्यापेक्षा शेडच जास्त पाहिली आहे.

डेल्मर म्हणजे जन्माचा ब्रह्मचारी. त्याच्याकडेही मोटारघर होतं, पण ते धुळीने माखलेलं, एक दार दोरीने बांधलेलं. नोव्हेंबर उजाडला की हा गडी ते काढायचा आणि थेट ॲरिझोनाच्या उन्हात जाऊन पडायचा. नॉरव्हलने त्याला उंदरांबद्दल विचारलं की तो हसायचा. म्हणायचा, “चालत्या गाडीत उंदीर शिरत नाही रे नॉरव्हल. एवढं साधं औषध आहे, फुकटचं.” नॉरव्हलला त्याची कीव यायची.

मागच्या उन्हाळ्यात आर्डिसचं हृदय कुरकुरायला लागलं. पायांवर सूज, जिना चढताना धाप. डॉक्टर म्हणाले, औषधं घ्या, मीठ सोडा, जपून राहा. प्रवासाचं तिने मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, आत्ता जाऊ शकता, हरकत नाही. त्यातला ‘आत्ता’ आर्डिसला ऐकू आला. नॉरव्हलला फक्त ‘हरकत नाही’ ऐकू आलं.

ऑक्टोबरमध्ये त्याने नेहमीप्रमाणे गाडी बंद करायला घेतली. या खेपेला जरा जास्तच जीव ओतला, कारण वसंतात जायचं असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. गाद्या, पडदे, उशा, कप, आर्डिसची विणकामाची पिशवी, ती टोपी, सगळं उचलून घरात आणलं. प्रत्येक बोळा पुन्हा तपासला. पायमोजे चढवले. शेवटी हात पुसत तो स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याचा चेहरा एखादं मोठं कर्ज फेडल्यासारखा दिसत होता.

तिथे डेल्मर कॉफी पीत बसला होता आणि आर्डिसच्या गालांवर लाली होती. दोघांचं काहीतरी ठरलं होतं. डेल्मर सोमवारी निघणार होता. तुम्हीही माझ्या मागे मागे या, म्हणाला, मी हळू चालवतो. ॲरिझोनात मुक्काम करा, तिथून कॅलिफोर्नियाचा समुद्र एका दिवसावर आहे. थंडी नाही, बर्फ नाही, उंच घाट नाहीत. आर्डिसला काही झालं तर आपण दोन गाड्या आहोत.

नॉरव्हलने टोपी काढून खुंटीला लावली. “अरे, पण मी ती आत्ताच बंद करून आलोय,” तो म्हणाला.

“उघड मग,” डेल्मर म्हणाला.

“उघड म्हणजे? नळांत औषध भरलंय. सगळे बोळे बसवलेत. पंधरवडा गेला माझा त्यात. आता सगळं उपसायचं, पुन्हा सगळं भरायचं, आणि डिसेंबरात परत आलो तर? ऐन थंडीत तारेचे बोळे बसवत बसू?”

“परत कशाला यायचं डिसेंबरात?”

“तुला बोलायला काय जातंय. तुला ना घर ना दार.”

तेव्हा आर्डिस बोलली. ती कधी काही मागत नसे, त्यामुळे तिला मागायची सवयही नव्हती. टेबलावरची साखरेची वाटी सरळ करत ती म्हणाली, “नॉरव्हल, आपण आत्ता जाऊ या. मला वाटतंय आत्ता जावं.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. ही गोष्ट त्याला पुढे पुन्हा पुन्हा आठवली, की त्याने पाहिलं होतं. तिचे ओठ जरा निळसर होते, हात वाटीवर होता. हे सगळं दिसत होतं आणि तरी त्याच्या डोक्यात काय होतं, तर गाडीच्या मागच्या बाजूचा तो एक झरोका, ज्याची जाळी त्याने इतकी सुरेख बसवली होती की ती उचकटायला जिवावर येणार होतं. तो म्हणाला, “एप्रिल. एप्रिल लागला की पहिल्या दिवशी. शब्द देतो. आणि गाडी अशी स्वच्छ मिळेल तुला की बघत राहशील.”

“बरं,” आर्डिस म्हणाली, आणि डेल्मरच्या कपात आणखी कॉफी ओतली.

सोमवारी डेल्मर एकटाच गेला. आर्डिस ओसरीत शाल घेऊन उभी राहिली आणि त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिली. सूर्यफुलाची कापणी आधीच झाली होती. मग बर्फ पडायला लागलं ते पडतच राहिलं.

त्या हिवाळ्यात नॉरव्हल रोज न्याहारी झाली की शेडमध्ये जायचा. फावड्याने वाट करत जायचा, गाडीभोवती लावलेले सापळे बघायचा, पीनट बटर वाळलं असेल तर नवं लावायचा, बॅटरी घेऊन पोटाखाली बघायचा. सापळे रिकामे दिसले की त्याला समाधान वाटायचं. घरात येऊन तो सांगायचा, “आजही काही नाही.” आर्डिस म्हणायची, “बरं झालं.” ती खिडकीपाशी बसलेली असायची. त्या खिडकीतून शेडचं दार दिसायचं, आणि तिथून शेडपर्यंत खोल खणलेली वाट. ती वाट रोज नवी खणलेली असायची. तेवढ्या मेहनतीत काय काय झालं असतं, असा विचार तिच्या मनात येत असेल का? तिने कधी बोलून दाखवलं नाही.

जानेवारीत एका सापळ्यात उंदीर सापडला. पांढऱ्या पोटाचा, पानाएवढ्या कानांचा रानउंदीर. शेडच्या जमिनीवर सापडला, गाडीत नव्हे, पण नॉरव्हलची झोपच उडाली. एक आला म्हणजे मागे दहा असणार. आला कुठून? तो आठवडा तो जवळजवळ शेडमध्येच राहिला. जेवायला यायचा, पुन्हा जायचा. शेडच्या पायाशी बर्फ खणून त्याने भिंतीची कड न् कड चाचपली.

त्या आठवड्यातल्या एका दुपारी आर्डिसने ओसरीच्या दारातून त्याला हाक मारली. तो गाडीखाली पाठीवर पडून हिटरच्या नळीभोवती बोळा बसवत होता. त्याला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली असावी, कारण तो आत आला तेव्हा ओसरीचं दार सताड उघडं होतं आणि बर्फाची भुकटी स्वयंपाकघरापर्यंत आली होती. ती खुर्चीत बसली होती, तोंड उघडं ठेवून, माशासारखी श्वास घेत. त्याच्या हातात अजून तारेचा बोळा होता.

ती वाचली. नाकात नळी, शेजारी घोंघावणारं ऑक्सिजनचं यंत्र, अशी घरी आली. नॉरव्हलने डॉक्टरांना एप्रिलचं विचारलं. डॉक्टरांनी तोंडाने नाही म्हटलंच नाही, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हे त्याने आर्डिसला सांगितलं नाही. घरी तो पूर्वीसारखाच एप्रिल, एप्रिल करत राहिला, आणि ती पूर्वीसारखीच बरं म्हणत राहिली. दोघांनाही माहीत होतं. लग्न जुनं झालं की खोटंसुद्धा दोघं मिळून बोलता येतं.

मार्चमध्ये एक दिवस ऊन पडलं. छपरावरचा बर्फ ठिबकायला लागला. न्याहारी झाल्यावर आर्डिस म्हणाली, “मला गाडीत बसायचंय.”

“अजून गार आहे शेडमध्ये.”

“असू दे.”

त्याने तिला दोन कोट घातले, छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर खांद्याला लावला आणि तिचा हात धरून त्या खणलेल्या वाटेने नेलं. चालताना ती दोनदा थांबली. पूर्वी ती शाळेच्या स्वयंपाकघरात बटाट्यांची पोती एका हाताने ओढायची. शेडमध्ये त्याने गाडीच्या दारावरची चिकटपट्टी सोलून काढली, पायरी उघडली, आणि तिला मागून हळूच वर चढवलं.

आत पेपरमिंटचा असा वास होता, की डोळ्यांत पाणी यावं. खिडक्यांना पडदे नव्हते, पलंगावर नुसती फळी होती, कपाटांची दारं हवेसाठी उघडी ठेवलेली, आत काहीही नाही. आर्डिसने सगळीकडे नजर फिरवली. हे तिचं घर होतं असं वाटावं अशी एकही खूण तिथे नव्हती. ती म्हणाली, “छान ठेवलंयस.” मग पुढच्या तिच्या खुर्चीत बसली. काचेसमोर शेडचा पत्रा होता आणि त्यावर टांगलेली एक शिडी.

“बस ना तू पण,” ती म्हणाली. “गाडी काय आपोआप चालेल?”

तो ड्रायव्हरच्या खुर्चीत बसला आणि हात स्टिअरिंगवर ठेवले. ठेवल्यावर त्याला कसंतरीच झालं, पण ते काढायचा धीर झाला नाही. आर्डिस शिडीकडे बघत म्हणाली, की आता मोंटाना गेलं. आता डोंगर लागले बघ. आता तो कॉफीचा ठेला येईल, तिथे थांबू नकोस आणि डेल्मरला फोन करू नकोस. तिने हे हसत म्हटलं. नॉरव्हलने मान हलवली. त्याला बोलायचं होतं, पण तोंडातून काय निघालं? टायरांत हवा जरा कमी वाटते, असं निघालं.

ती शिडीकडेच बघत होती. मग म्हणाली, “नॉरव्हल, एक सांगू? मला त्या उंदरांचा हेवा वाटायचा. खरंच. सगळा हिवाळा तुझ्या डोक्यात दुसरं कोणी नसायचं.”

“आर्डिस.”

“रागावून नाही म्हणत. ते कुठून येतील, कशाने येतील, त्यांना काय आवडतं, सगळं तुला पाठ. मला वाटायचं, आपणही जरा कुठे कुरतडायला हवं होतं.”

तो रडला. तोंड पलीकडच्या खिडकीकडे करून रडला, आमच्याकडचे पुरुष रडतात तसा, नाक ओढत, जणू पेपरमिंटनेच होतंय. “माझं चुकलं,” तो म्हणाला. “तेव्हाच जायला हवं होतं. दोन्ही वेळा.” आर्डिसने त्याच्या बाहीवर थापटलं.

मग तिने खिशातून रुमाल काढला. स्वतः भाजायची ताकद उरली नव्हती, म्हणून चर्चमधल्या बायकांच्या मंडळातल्या कोणाकडून तरी तिने ती भाजून आणवली होती, सॅनबाकल. एक त्याला दिलं, एक स्वतः घेतलं. पहिल्याच घासाला ते ढासळलं. कोटावर, मांडीवर, खुर्चीच्या फटीत, खाली गालिच्यावर. तिने ते झटकलं नाही. उलट उरलेला तुकडा बोटांत चुरडला आणि त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत मुद्दाम खाली सोडला, एखाद्या वाह्यात पोरीसारखा. या खेपेला तो बॅटरी घेऊन खाली उतरला नाही. तेव्हा तिला इतकं हसू आलं की धाप लागली आणि त्याला सिलिंडरची चावी जास्त उघडावी लागली.

“समुद्र आला की उठव,” असं म्हणून तिने डोळे मिटले, आणि तिथे बसल्या बसल्या तिला खरंच झोप लागली. तिचा श्वास ऐकत तो बराच वेळ शिडीकडे बघत बसला.

तिला घरी आणलं, पलंगावर निजवलं, पायावर पांघरूण घातलं. आणि मग नॉरव्हलने जे केलं ते करताना त्याने विचारच केला नाही, हीच तर रड आहे. गाडीचं दार उघडं राहिलं होतं. बाहेर बर्फ होता, उंदीर भुकेले होते. तो परत शेडमध्ये गेला, ते छोटं व्हॅक्यूम घेतलं आणि आर्डिसची खुर्ची साफ केली. फट, शिवण, खुर्चीची पोलादी पट्टी. खाली गुडघ्यांवर उतरून बॅटरीच्या उजेडात गालिचा साफ केला. ओल्या फडक्याने पुसून घेतलं. व्हॅक्यूममधला भुगा शेडमध्ये ठेवणं बरं नाही, म्हणून बाहेर नेऊन कचरा जाळायच्या पिंपात ओतला आणि काडी लावली. दारावर नवी चिकटपट्टी लावली. घरी येऊन त्याने बटाटे शिजत घातले.

एप्रिल लागायला थोडे दिवस असताना आर्डिस गेली. दुपारी, खिडकीपाशी, शांतपणे. चर्चच्या तळघरात बायकांनी हॅमचे पाव केले, कॉफी केली, आणि एका थाळीत तीच बिस्किटंही ठेवली. नॉरव्हलने त्यांना हात लावला नाही. लोक म्हणाले, सुटली बिचारी, आणि तो सगळ्यांना थँक यू म्हणत राहिला.

डेल्मर अंत्यविधीला पोचू शकला नाही, वाटेत वादळात अडकला. तो आला तेव्हा बर्फ वितळून चिखल झाला होता. आल्या आल्या नॉरव्हलकडे आला, टोपी हातात घेऊन ओसरीत उभा राहिला. बायकांच्या बाबतीत काय बोलावं हे त्याला कधीच सुचत नसे, म्हणून थोड्या वेळाने म्हणाला, की चल, गाडी उघडू, एप्रिल आहे.

दोघं शेडमध्ये गेले. डेल्मरनेच पायमोजे सोडवले, चिकटपट्टी काढली, आणि आत शिरून सगळी कपाटं, पलंगाखालची पेटी, बेसिनखालचा कोपरा बघत फिरला. त्याच्या स्वतःच्या गाडीत वाटेत कुठेतरी दोन उंदीर शिरले होते, म्हणाला, त्यामुळे त्याचं ते फुकटचं औषधही आता खोटं ठरलं होतं. तो खरंच चकित झाला होता. एक लेंडी नाही, एक कुरतडलेला धागा नाही. मान हलवत तो म्हणाला, बाबा रे, मी तुझी फार टिंगल केली, पण मानलं तुला.

नॉरव्हल ऐकत नव्हता. तो आर्डिसच्या खुर्चीसमोर उभा होता. त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, मग बैठकीवर. काहीतरी आठवल्यासारखं त्याने खिसे चाचपले, बॅटरी काढली आणि दुखऱ्या गुडघ्यांवर हळूहळू खाली उतरला. खुर्चीच्या फटीत उजेड मारला. बोट घालून शिवण उघडून पाहिली. पट्टीच्या खाली पाहिलं. मग गालिच्यावर गाल टेकून, एक डोळा मिटून, उजेड आडवा धरून कडेकडेने पाहत गेला. एवढासा कण उरला असता तरी चाललं असतं. बटाट्याच्या डोळ्याएवढा, मोहरीएवढा, काहीही.

डेल्मर दारात वाकून बघत होता. त्याला वाटलं, हा अजून उंदरांचीच खूण शोधतोय. त्याला मित्राची दया आली.

“ऊठ रे,” तो म्हणाला. “काही नाही तिथे. मी बघितलंय सगळं. एक कणसुद्धा नाही.”

नॉरव्हलने बॅटरी विझवली नाही. खुर्चीच्या पलीकडची बाजू अजून बघायची राहिली होती, तिकडे तो गुडघ्यांवरच सरकला.